चौथी कैची

मी चर्चच्या दारात उभी राहिले तेव्हा अप्पा सगळ्यात मागच्या बाकावर बसले होते. माझ्याकडे न बघता ते वर छताकडे बघत होते.

ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, मला तर अजिबातच नाही. चार महिन्यांपूर्वी मी घरात पहिल्यांदा नोएलचं नाव काढलं, त्या दिवशी त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं होतं. म्हणाले होते, "तुला जे करायचं ते कर. मला त्यात धरू नकोस." आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यानंतर एका छपराखाली राहूनही आमचं बोलणं नव्हतं. लग्नाच्या आठवडाभर आधी मी बॅग घेऊन मैत्रिणीकडे राहायला निघाले, तेव्हा ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं, एवढंच.

आणि आता ते आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळा कोट, मांडीवर दुमडलेली छत्री. फेब्रुवारी महिना, पावसाचा थेंब नाही, पण साइटवर जाताना छत्री न्यायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

ते आल्याचं मला आधीच कळलं होतं. वेदीच्या बाजूला पाळकांची छोटी खोली असते, तिथे मी पदर सारखा करत बसले होते. नोएलच्या सुवार्ता आत्या आत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"तुझे वडील आलेत," त्या म्हणाल्या. "एकटेच. मी सलाम केला, त्यांनी मान हलवली फक्त. आणि फाटकाशी एक जीप उभी आहे. आत कोण आहे विचारलं तर म्हणे काका आहेत मुलीचे. आत या म्हटलं, तर नको म्हणाले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसलाय."

रंगराव काका. अप्पांचा धाकटा भाऊ. माझं लग्न ठरल्यावर त्यांनीच गावाकडून निरोप धाडला होता की घाटग्यांची मुलगी अशी जाऊ देणार नाही.

आढाव पाळकसाहेब खिडकीपाशी पुस्तक चाळत उभे होते. शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या कपाळावर घाम होता.

"शालन," ते म्हणाले, "विधीत एक प्रश्न आहे. या लग्नाला कुणाची हरकत आहे का, असा. तो मला वाचावाच लागतो. गाळता येत नाही."

"वाचा ना."

"त्यांनी काही म्हटलं तर?"

"मी पंचवीस वर्षांची आहे, साहेब. कायद्यानं त्यांना काही करता येणार नाही."

"मी कायद्याचं म्हणत नाही," पाळकसाहेब म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

नवरीला वेदीपर्यंत वडील घेऊन जातात. माझ्या बाबतीत तो प्रश्न नव्हता. नोएलचे मामा येतो म्हणाले होते, पण मीच नको म्हटलं. बाहेरून फिरून दाराशी आले आणि तिथून एकटी चालत गेले. अप्पांच्या बाकाजवळून जाताना माझी पावलं अडखळली. त्यांनी मान खाली केली नाही.

सोनगिरी कॅम्पातलं ते चर्च गोऱ्या पलटणीसाठी बांधलेलं होतं, राणीच्या काळात. काळ्या दगडाच्या भिंती, टोकाशी जुळणाऱ्या उंच कमानी. पलटण चर्चमध्ये येतानाही बंदुका घेऊन येत असे, म्हणून बाकांच्या पाठीला बंदुका टेकवायच्या खाचा होत्या. आता त्या खाचांत बायका पिशव्या अडकवायच्या. दाराशी आठकोनी दगडी कुंड, बाळांच्या बाप्तिस्म्याचं. भिंतींवर संगमरवरी पाट्या, पटकीच्या साथीत मेलेल्या वीस-बावीस वर्षांच्या गोऱ्या सोजिरांच्या. पुढे एक पितळी गरुड होता, त्याच्या पसरलेल्या पंखांवर बायबल उघडं ठेवलेलं असायचं. वेदीमागे तीन उंच निमुळत्या खिडक्या. सकाळी त्यांच्या रंगीत काचांतून ऊन आलं की जमिनीच्या नक्षीच्या फरशांवर निळे-तांबडे पट्टे पडत. आणि वर, खूप वर, सागवानी कैच्या. उतरत्या छपराचा भार पेलणारे ते मोठे लाकडी त्रिकोण. अशा सहा कैच्या एकामागे एक होत्या आणि प्रत्येकीची दोन्ही टोकं भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी टेकूंवर बसवलेली. इतक्या उंचावर की दिवसासुद्धा तिथे अंधारच दिसायचा.

अप्पा त्या अंधारात काय बघत होते, मला कळत नव्हतं. मला वाटलं, वेदीकडे बघायचं नाही म्हणून वर बघतायत.

नोएल माझ्या शेजारी उभा राहिला. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवायचो, तो भूगोल आणि मी गणित. त्यानं हळूच विचारलं, "ठीक आहेस ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मीपण नाही."

गीत झालं. प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि जरा भराभरच वाचलं, "या दोघांचा विवाह होऊ नये असं योग्य कारण कोणाला ठाऊक असेल, तर त्यानं ते आता सांगावं, नाहीतर यापुढे कधीही बोलू नये."

ते थांबले. नियमाप्रमाणे थांबावं लागतं. शे-दीडशे माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळ्यांना ठाऊक होतं मागे कोण बसलंय.

बाक करकरला.

मी वळले नाही. वळायची गरज नव्हती. ऑफिसात बोलायचे तशा स्वच्छ आवाजात अप्पा म्हणाले, "माझं म्हणणं आहे."

नोएलचा हात माझ्या हाताला लागला.

पाळकसाहेब म्हणाले, "बोला, घाटगे साहेब."

"लग्नाबद्दल नंतर बोलतो. आधी ही इमारत रिकामी करा."

आता मी वळले. सगळंच चर्च वळलं होतं. अप्पा बाकांमधल्या वाटेत येऊन उभे होते आणि छत्री वर रोखून दाखवत होते.

"ती चौथी कैची बघा. डावीकडचं टोक टेकूवरून सरकलंय. मी अर्धा तास बघतोय. खाली चुना गळतोय. आत एवढी माणसं, वर ती घंटा वाजवलीत, आता तो पायपेटीचा बाजा वाजवाल. हे छप्पर केव्हाही खाली येईल. मी बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं काढलीत, पाद्रीसाहेब. गंमत करत नाही."

लोक वर बघू लागले. पुढच्या बाकावरच्या एका बाईनं लेकराला ओढून मांडीवर घेतलं. मीही बघितलं. अंधार, आणि त्या अंधारात लाकडाच्या काळ्या रेघा. सरकलेलं काही मला दिसलं नाही. पण इतक्या खालून काय दिसणार.

सुवार्ता आत्या उभ्या राहिल्या. "शंभर वर्षं उभं आहे हे मंदिर. आजच पडायला निघालं?"

"पडायचं असतं ते एकाच दिवशी पडतं, बाई."

"आम्हाला कळतंय काय चाललंय ते," आत्या म्हणाल्या. मग त्या वेदीच्या पायरीपर्यंत आल्या आणि माझ्याशी बोलल्या. हळू, पण पहिल्या चार बाकांना ऐकू जाईल इतपत. "पोरी, तू या दारातून बाहेर पाऊल टाकलंस की संपलं. जीप त्याचसाठी उभी आहे. छपराला काही झालेलं नाही. नाटक आहे सगळं."

पाळकसाहेबांनी पुस्तक बंद केलं, पुन्हा उघडलं. त्यांचं मला अजूनही वाईट वाटतं. एकीकडे बोलावलेली माणसं, लहान मुलं, म्हातारी माणसं. दुसरीकडे भर लग्नात उठून उभा राहिलेला मुलीचा बाप. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"शालन, ते तुझे वडील आहेत. तू त्यांना ओळखतेस. तू सांग."

मी सातवीत असताना अप्पांच्या विभागात एका पुलाचं उद्घाटन ठरलं होतं, मंत्री येणार होते. एका खांबाच्या पायाबद्दल अप्पांना शंका आली आणि त्यांनी सही दिली नाही. वरून फोन आले, घरी माणसं येऊन बसली. अप्पांनी सही दिली नाही ती नाहीच. महिन्याच्या आत बदली झाली. भांडी गोणपाटात बांधताना आई म्हणाली होती, "या माणसाला विटामातीबद्दल खोटं बोलताच येत नाही, काय करणार."

मला तेच आठवलं. जीपही आठवत होती. काकांचा निरोपही.

"अप्पांनी इमारतीबद्दल कधी खोटं सांगितलेलं मी पाहिलं नाही," मी म्हटलं. माझा आवाज त्या दगडी भिंतींत जरा मोठाच घुमला. "सगळे बाहेर चला."

आत्यांनी डोळे मिटून घेतले.

मी नोएलकडे बघितलं. तो क्षणभर वर, चौथ्या कैचीकडे बघत होता. मग म्हणाला, "तू अप्पांबरोबर पुढे हो. मी म्हाताऱ्या माणसांना घेऊन येतो."

"नोएल," आत्या म्हणाल्या, "तू तिच्याबरोबर जा."

"आजी एकटी बसलीय तिकडे, आत्या. तिला उचलून न्यावं लागेल." तो गेलासुद्धा.

मी मधल्या वाटेनं अप्पांकडे चालत गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसं नाही, त्यापेक्षा घट्ट. बांगडी रुतली. आम्ही दगडी कुंडाजवळून दाराबाहेर आलो आणि उन्हानं माझे डोळे दिपले.

मागून माणसं येत होती, पोरं रडत होती, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. अप्पा थांबले नाहीत. पटांगण ओलांडून ते सरळ फाटकाकडे निघाले होते. जीप सुरू झाली. रंगराव काकांनी खाली उतरून मागचा पडदा वर केला.

"दादा, चला, लवकर," ते म्हणाले.

मला ओरडता आलं असतं. चप्पल निसटली होती, एक पाय अनवाणी होता, खडी टोचत होती. मी मागे बघितलं. दारात गर्दी अडली होती, दाराची एकच फळी उघडी होती.

"अप्पा," मी म्हटलं, "आत अजून माणसं आहेत."

ते चालत राहिले.

"अप्पा, ऐका ना. दारात चेंगरतील. छप्पर पडलं तर भिंत कुठल्या बाजूला येईल? कुणी कुठे उभं राहायचं, त्यांना काही माहीत नाही. तुम्ही सांगा त्यांना. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

अप्पा थांबले. मनगट सोडलं नव्हतं. जीप दहा पावलांवर होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चार महिन्यांत पहिल्यांदा सरळ बघितलं. मग मागे दाराकडे. नोएल आजीला दोन्ही हातांवर घेऊन गर्दीतून बाहेर येत होता. तिचं पातळ जमिनीवर लोळत होतं आणि ती त्याला कशावरून तरी रागावत होती.

"दादा," काका म्हणाले.

अप्पांनी माझं मनगट सोडलं.

"भिंतीपासून लांब," ते ओरडले. "त्या शिरीषाच्या झाडाकडे या सगळे. दाराचा खालचा खटका काढा, दुसरी फळी उघडेल. ढकलू नका. पोरांना आधी." ते तरातरा दाराकडे गेले आणि छत्रीनं माणसांना वाट दाखवू लागले.

मी तिथेच उभी राहिले. रंगराव काका माझ्यापासून हाताच्या अंतरावर होते. त्यांनी हात पुढे केला नाही. अप्पांनी लांबूनच सांगितलं, "रंगा, गाडी बंद कर." काकांनी ड्रायव्हरला खूण केली. इंजिन थांबलं.

सगळी माणसं झाडाखाली जमली. छप्पर तसंच होतं, वरच्या कौलांवर पारवे बसले होते. अप्पा घाम पुसत पाळकसाहेबांकडे आले.

"राहिलेला विधी इथे उघड्यावर करता येतो का?"

"येतो," पाळकसाहेब म्हणाले. "पण साहेब, मधे खंड पडला. मला तो प्रश्न पुन्हा विचारावा लागेल."

"विचारा."

आम्ही पुन्हा उभे राहिलो, मी एका पायात चप्पल घालून. पाळकसाहेबांनी प्रश्न पुन्हा वाचला. या वेळी हळू वाचला आणि वाचून झाल्यावर खूप वेळ थांबले. अप्पा छत्रीवर दोन्ही हात टेकून उभे होते. त्यांची नजर जमिनीवर होती. काही म्हणाले नाहीत.

असं आमचं लग्न लागलं.

त्याच दिवशी चर्चला कुलूप लागलं. इंजिनिअर साहेबांनी सांगितल्यावर आत जाणार कोण? अप्पा म्हणाले होते, मी सवडीनं येऊन तपासणी करतो, तोवर कुणी आत जाऊ नका. पण त्यांना सवड होईना. चर्चच्या कमिटीचे निरोप गेले; आज पाय दुखतो, उद्या पुण्याला काम आहे, असं चाललं होतं. मी भेटायला गेले की चहा स्वतः करून द्यायचे, पण छताचा विषय निघाला की उठून नळ बंद आहे का बघायला जायचे. रविवारची उपासना झाडाखाली होऊ लागली. मार्च उजाडला, ऊन तापलं. घरून खुर्ची आणून सुवार्ता आत्या पहिल्या रांगेत बसायच्या आणि डोक्यावर ओला रुमाल घ्यायच्या. एकदा बाजा बाहेर काढताना त्याचं एक पायडल मोडलं. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवारही पटांगणातच झाला. मला आत्यांच्या नजरेला नजर देववत नव्हती, पण त्या मला कधी काही बोलल्या नाहीत.

त्या आठवड्यात अप्पा आले. बरोबर दोन गवंडी आणि बांबू. दिवसभरात त्यांनी आत परांची बांधून घेतली, आणि संध्याकाळी गवंडी गेल्यावर मला बोलावणं पाठवलं. नोएल माझ्याबरोबर आला.

"तुम्ही खाली शिडी धरा," अप्पा त्याला म्हणाले. ते त्याला अजून अहो-जाहोच करत. "शालन, तू वर ये."

"मी?"

"ये. मी आहे."

मी पदर खोचला आणि चढले. बांबू हलत होते. खालून जी कैची म्हणजे अंधारातल्या रेघा वाटायची, ती जवळून पाहिली तर प्रचंड होती, माणसाच्या मांडीपेक्षा जाड तुळया. आणि तिथे वर, जिथे कुणाची नजर कधी जाणार नाही, तिथे कुणीतरी टेकूच्या दगडावर द्राक्षाचा वेल कोरला होता, पान न् पान. दारावरच्या झरोक्यातून आलेलं मावळतीचं ऊन त्यावर पडलं होतं.

अप्पांनी माझा हात धरून कैचीच्या टोकावर ठेवला. "दाब."

मी दाबलं.

"हलतंय?"

"नाही."

"हा लोखंडी पट्टा बघ. भिंतीत हातभर आत गेलाय. हा सांधा बघ. सुईसुद्धा शिरणार नाही यात." ते फळीवर बसले. "काही झालेलं नाही हिला. तेव्हाही झालेलं नव्हतं."

मी हात काढून घेतला.

"आमचं ठरलं होतं," अप्पा म्हणाले. "रंगाचं आणि माझं. तुला सरळ ओढून नेलं तर बोभाटा होईल, पोलीस येतील. म्हणून मी आत जायचं, छप्पर पडतंय म्हणून सगळ्यांना बाहेर काढायचं आणि त्या गोंधळात तुला जीपमध्ये घालायचं. गावाकडे नेऊन ठेवायचं. दोन महिन्यांत तुझं मन बदलेल, असं रंगा म्हणत होता. मलाही तसं वाटत होतं."

खाली नोएल शिडीला पाय लावून उभा होता. आमचं बोलणं त्याला ऐकू जात होतं की नाही, कळत नव्हतं.

"मग सोडलंत का मला?"

अप्पांनी चष्मा काढला. "तू सगळ्यांसमोर म्हणालीस ना, की अप्पांनी कधी खोटं सांगितलं नाही. तिथेच मला परत बसावंसं वाटलं. पण तरी नेलं तुला फाटकापर्यंत. अर्ध्यावर येऊन थांबायचं कसं. आणि तू काय बोललीस, तर आत माणसं आहेत. तुला जीप दिसत होती, तो पडदा वर केलेला दिसत होता. तरी तू त्या माणसांचं बोलत होतीस. माझ्या शब्दावर." त्यांनी काचा शर्टाला पुसल्या. "पस्तीस वर्षं मी तो शब्द सांभाळला होता गं."

मला रडू आलं नाही. राग आला. "आणि दोन महिने ही सगळी माणसं उन्हात बसली. त्या आत्या बसल्या."

"हो."

"तुम्ही दर वेळी नळ बघायला उठत होतात."

"हो." त्यांनी चष्मा घातला. "आधी तुला सांगायचं होतं. आता खाली जाऊन त्यांना सांगतो."

आम्ही उतरलो. अप्पा आधी उतरले, शेवटच्या पायरीवर नोएलनं त्यांना दंडाला धरलं. जमिनीवर पाय टेकल्या टेकल्या अप्पांनी सांगून टाकलं, एका दमात, साइटवरचा रिपोर्ट द्यावा तसं. छताला काही झालं नव्हतं, मी खोटं बोललो, तिला पळवून न्यायला आलो होतो.

नोएलनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "छताचं मला माहीत होतं."

अप्पांना समजलं नाही.

"नाताळात आम्ही तारा टांगतो ना, तो याच कैचीला. दर वर्षी मीच चढतो. लग्नाआधी महिनाभरच तारा उतरवला होता. तुम्ही छत्रीनं दाखवलंत तेव्हाच मला कळलं."

"मग बोलला का नाहीत?" अप्पांचा आवाज चढला. "सगळ्यांसमोर मला खोटं पाडायचं होतंत."

"तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हटलं असतं, तर तिला तिथं उभ्या उभ्या आपल्या दोघांतल्या एकाला निवडावं लागलं असतं."

"आणि मी तिला नेलं असतं तर?"

नोएलनं जरा विचार केला. "ती परत आली असती," तो म्हणाला. "यायला वेळ लागला असता, एवढंच."

माझ्या लक्षात आलं की तो काय बोलतोय. "म्हणजे तूही गप्प बसलास," मी म्हटलं. "दोन महिने."

"वाट बघत होतो. हे स्वतः सांगतील असं वाटत होतं. ईस्टरपर्यंत सांगितलं नसतं, तर मी सांगणार होतो." तो माझ्याकडे न बघता शिडी आडवी करायला लागला. त्या संध्याकाळी मी दोघांशीही बोलले नाही. एकटी चालत घरी गेले.

शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, कमिटी झाडाखाली बसली. अप्पांनी स्वतःच बोलावली होती. नोएल त्यांच्या शेजारी बसला होता; 'तुम्ही बरोबर याल का' असं अप्पांनी त्याला विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. अप्पा उभे राहिले आणि जे आम्हाला सांगितलं ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं. काही वगळलं नाही. रंगराव काकांचं नाव मात्र घेतलं नाही, सगळं स्वतःवर घेतलं.

पाळकसाहेब काहीतरी म्हणायला पुढे झाले, तेवढ्यात सुवार्ता आत्यांनी डोक्यावरचा ओला रुमाल काढला आणि तो पिळला.

"म्हणजे छप्पर पडणार नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"नक्की?"

"नक्की. अजून शंभर वर्षं त्याला काही होत नाही."

"तेव्हाही असंच ठाम बोलला होतात," आत्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या. "आता खरं बोलताय हे आम्ही कशावरून धरायचं?"

पुलाच्या वेळी मंत्र्यांच्या माणसांना दिलेलं 'मी सांगतोय म्हणून' हे उत्तर अप्पांना इथे देता येत नव्हतं. त्यांनी नोएलकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. पाळकसाहेबांपुढे हात केला. "किल्ली द्या."

पाळकसाहेबांनी किल्ली दिली. अप्पांनी कुलूप काढलं, दोन्ही फळ्या उघडल्या आणि एकटेच आत गेले. आम्ही दारापर्यंत गेलो. परांची गवंड्यांनी सोडून नेली होती, पण आत दोन महिन्यांची धूळ तशीच होती, बाकांवर पारव्यांची पिसं पडली होती. अप्पांनी वर बघून कैच्या मोजल्या. चौथीच्या बरोबर खाली असलेल्या बाकावरची धूळ त्यांनी हातानं झटकली आणि तिथे बसले. ताठ, पुढे बघत.

आत्या किती तरी वेळ दारातच उभ्या होत्या. मग त्या आत गेल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.